परका उजेड: गढूळ पाणी मोजता मोजता प्रकाशाचे सेन्सर शिकताना

जुलैमधली गोष्ट. वारणाकाठच्या एका गावातल्या पाणीयोजनेवर मी बसवलेल्या गढूळपणाच्या सेन्सरचा आकडा सकाळपासून उतरत होता. नऊला १८०, अकराला १२०, जेवणाच्या वेळी ७०. मी पुण्यात बसून मोबाइलवर बघत होते आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेत होते: नदी निवळतेय आणि ते मला घरबसल्या कळतंय. तेवढ्यात तिथल्या वॉलमन तात्यांचा फोन. "म्याडम, तुमचं मशीन म्हणतंय पाणी निवळाय लागलंय. हितं बादलीत बोट बुडवलं तर नख दिसंना."

सेन्सर बिघडला नव्हता, चुकले होते मी. कुठे चुकले ते सांगते, पण आधी तिथवर पोचायला हवं.

इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून मी भोसरीच्या एमआयडीसीत लागले, पंधरा वर्षं दुसऱ्यांची मीटरं दुरुस्त केली आणि मग स्वतःची बनवायला लागले. हल्ली इंजिनिअरिंगची मुलं विचारतात, "मॅडम, ऑप्टिकल सेन्सर डिझाइन शिकायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" कुठलंच नको. कुणाला तरी खरोखर मोजून हवी आहे अशी एकच गोष्ट निवडा आणि तिचा सेन्सर शेवटपर्यंत न्या. शेवटपर्यंत म्हणजे टेबलावर आकडा येईपर्यंत नव्हे, त्या सेन्सरने बाहेर एक पावसाळा काढेपर्यंत.

मी गढूळपणा सुचवते. सुटे भाग बाजारात मिळतात, सराव दुधाच्या थेंबावर होतो, आणि गरज खरी आहे. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, म्हणतं की गढूळपणा १ एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) आत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालेल. पेला उजेडात धरून बघितला तर १ आणि ५ मधला फरक जेमतेम जाणवतो. म्हणजे डोळ्याला जे धड जमत नाही ते आपल्याला करायचंय.

तत्त्व लहानपणी पाहिलेलंच आहे. कौलातून कवडसा पडतो तेव्हा तो बाजूने दिसतो, कारण हवेतली धूळ त्यातला थोडा उजेड आपल्या डोळ्याकडे उडवते. धूळ नसती तर कवडसा दिसलाच नसता. पाण्यात तेच करायचं: एका बाजूने उजेडाची बारीक तिरीप सोडायची आणि काटकोनात बसवलेल्या फोटोडायोडने (उजेड पडला की करंट देणाऱ्या सुट्या भागाने) बाजूला उडालेला उजेड मोजायचा. आयएसओ ७०२७ या मानकात हाच ९० अंशांचा कोन आहे आणि दिवा ८६० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. कुजलेल्या पालापाचोळ्याने पाण्याला जो चहासारखा रंग येतो तो अवरक्तात जवळजवळ नसतोच, त्यामुळे रंगाला गढूळपणा समजण्याची चूक टळते.

आधी अंधार मोजा

पहिल्या आठवड्यात दिवा लावूच नका. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड आणा. उजेड टिपणारं साडेसात चौरस मिलिमीटरचं पान, ४३० ते ११०० नॅनोमीटरपर्यंतचं दिसतं, आणि शिकताना दोन-तीन जळले तरी वाईट वाटत नाही. त्याचा करंट ट्रान्सइम्पिडन्स अॅम्प्लिफायरने व्होल्टेजमध्ये बदलायचा: एक ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप), फीडबॅकला १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर १० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर. तो कपॅसिटर "नंतर लावू" म्हणून सोडू नका. फोटोडायोडची स्वतःची धारिता ७० पिकोफॅरॅडच्या आसपास असते, तिच्यामुळे सर्किट आपसूक डोलायला लागतं.

ऑपअँप म्हणून ड्रॉवरमधला एलएम ३५८ उचलू नका. त्याच्या इनपुटमध्येच वीस-तीस नॅनोअँप मुरतात, आणि आपला सगळा सिग्नल काही नॅनोअँपचा. एमसीपी ६००२ घ्या, त्याचा इनपुट करंट साधारण एका पिकोअँपचा असतो.

आता हे सर्किट स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा. दोन-चार मिलिव्होल्टच्या वर काही दिसलं तर कारण शोधा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ऐंशी मिलिव्होल्ट आले. दोन दिवस ऑपअँप बदलत बसले, आणि शेवटी ट्यूबलाइट बंद केल्यावर आकडा पडला: वायरसाठी पाडलेल्या भोकातून उजेड आत येत होता. घाईत असाल तर ऑसिलोस्कोपवर लहरी मोजा. १०० हर्ट्झ दिसले तर तो उजेड, कारण ५० हर्ट्झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला शंभरदा मंदावतो. ५० हर्ट्झ दिसले तर ती वायरींमधून शिरलेली घरघर. डबा ग्राउंडला जोडला की ती जाते.

मग डबा गच्चीवर न्या आणि झाकण काढा. आउटपुट वर जाऊन चिकटेल. भर उन्हात या फोटोडायोडमधून दोन-अडीच मिलिअँप वाहतात. १ एनटीयूच्या पाण्यातून उडून आलेला आपला उजेड दोन-अडीच नॅनोअँप देतो असं धरा. म्हणजे सूर्य दहा लाख पटींनी पुढे, आणि ३.३ व्होल्टवर चालणारं आपलं सर्किट ३.३ मायक्रोअँपलाच हात टेकतं. प्रकाशाचा सेन्सर बनवणं म्हणजे आपला उजेड मोजणं कमी आणि परका उजेड हाकलणं जास्त, हे मला या गच्चीवर कळलं. पुढचं सगळं त्याच कामाचं.

काळं ते सगळंच काळं नसतं

परका उजेड दोन जातींचा. एक बाहेरून येणारा ऊन-ट्यूबलाइटचा, दुसरा आपल्याच दिव्याचा पण चुकीच्या वाटेने आलेला. दुसरा जास्त छळतो.

काच आणि हवा जिथे भेटतात तिथे सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण १ एनटीयूचं पाणी बाजूला उडवतं ते या चार टक्क्यांपुढे काहीच नाही. म्हणून तिरीप पाण्यातून पार गेल्यावर समोर नुसती भिंत ठेवायची नाही, तिथे उजेडासाठी खोल विहीर करायची: तिरकं, काळं, निमुळतं भोक, ज्यात गेलेला उजेड आपटून आपटून संपतो. दिव्यापुढे आणि फोटोडायोडपुढे बारीक छिद्राची एक-एक नळी बसवायची, म्हणजे फोटोडायोडला फक्त तिरिपीचा मधला तुकडा दिसेल, काचेच्या कडा दिसणार नाहीत. कागदावर वरून आराखडा काढा आणि पट्टीने रेघा ओढा: काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून परतलेला किरण कुठे जातो? एखादी जरी रेघ फोटोडायोडवर पोचली तर कोन बदला. माझ्या वहीत अशी चौदा पानं आहेत. सॉफ्टवेअर नको म्हणते ते याचसाठी, हाताने रेघ ओढली की ती लक्षात राहते.

आणि काळा रंग. थ्रीडी प्रिंटरवर सेन्सरसाठी काळ्या प्लास्टिकचं घर छापलं, आतून काळा मार्कर फिरवला, डोळ्याला सगळं काळंकुट्ट. तरी नितळ पाण्यात आकडा शून्याच्या कितीतरी वर. डोळ्याला काळा दिसणारा रंग ८६० नॅनोमीटरला काळा असेलच असं नाही. कित्येक काळी कापडं अवरक्तात राखाडी दिसतात, आणि पातळ छापलेली प्लास्टिकची भिंत उजेड आरपार सोडते. तपासायला सोपी युक्ती आहे: टीव्हीच्या रिमोटचा दिवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात दिसतो का बघा. बहुतेक फोनमध्ये फिकट जांभळा ठिपका दिसतो. दिसला, की तोच कॅमेरा घेऊन अंधाऱ्या खोलीत सेन्सरच्या घराच्या भिंतीमागे अवरक्त एलईडी धरा. माझी भिंत कंदिलासारखी उजळली होती.

त्या रात्री मी देवघरातली निरांजन उचलली, पितळी नळीत ज्योत फिरवली आणि आत काजळी धरली. आकडा एकदम चौथाईवर आला. काजळी अवरक्तालाही काळीच असते. ती पाण्यात टिकत नाही, हात लागला की निघते, म्हणून विकायच्या सेन्सरमध्ये तिचा उपयोग नाही, तिथे मी जाड भिंत आणि आत आटे पाडलेली नळी वापरते. पण दोष काळेपणाचा आहे की रचनेचा, हे पाच मिनिटांत कळायला काजळीसारखं दुसरं काही नाही. (सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी निरांजनीबद्दल विचारलं. तो वेगळा विषय.)

दिवा मिचकवा

एवढं करूनही बाहेरचा थोडा उजेड येणारच, कारण पाण्याला आत-बाहेर जायला वाट हवी. त्यावर उपाय म्हणजे आपल्या दिव्याला खूण द्यायची. दिवा अर्धा मिलिसेकंद लावा, अर्धा बंद ठेवा. लावलेला असताना वाचा, बंद असताना वाचा, वजाबाकी करा. परका उजेड दोन्ही वाचनांत सारखाच असतो, तो वजा होतो. वर दिलेल्या रेझिस्टर-कपॅसिटरला स्थिरावायला पन्नासेक मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा दिवा लावल्यावर लगेच वाचू नका, अर्धा मिलिसेकंद संपत आला की वाचा. अशा दोनशे जोड्यांची सरासरी घेतली की २०० मिलिसेकंद होतात, म्हणजे विजेची बरोबर दहा आवर्तनं, आणि ट्यूबलाइटचं लुकलुकणंही त्यात विरतं.

नवशिके इथे हुरळतात: वजाबाकी आहे म्हटल्यावर झाकण कशाला? कारण अॅम्प्लिफायर उन्हाने एकदा वर चिकटला की दोन्ही वाचनं सारखीच येतात आणि वजाबाकी शून्य. क्रम पक्का ठेवा: आधी झाकण, मग काळ्या प्लास्टिकच्या अंगाचा, दिसणारा उजेड अडवणारा फोटोडायोड, आणि वजाबाकी सगळ्यात शेवटी. सिग्नल लहान वाटला तर रेझिस्टर दहापट करा. सिग्नल दहापट होतो, रेझिस्टरची स्वतःची खळखळ फक्त तिपटीने वाढते. मात्र परक्या उजेडाला चिकटायची हद्दही दहापट जवळ येते.

आता एक लिटर आरओच्या पाण्यात दुधाचा एकेक थेंब टाकत आकडे मांडा. सरळ रेघ आली पाहिजे. दूध हे मानक नव्हे, दुपारपर्यंत नासतं, पण रेघ सरळ आहे की नाही ते सांगायला पुरतं. खऱ्या कॅलिब्रेशनला, म्हणजे आकडा मानकाशी जुळवायला, फॉर्माझिन हे ठराविक गढूळपणाचं द्रावण लागतं. ते घरी बनवू नका, त्यातलं हायड्रझिन सल्फेट विषारी आहे आणि कर्करोगाच्या संशयितांत आहे. ४००० एनटीयूची तयार बाटली मिळते, तिच्यातले ५ मिलिलिटर एक लिटरमध्ये घातले की २० एनटीयू. पातळ केलेलं त्याच दिवशी वापरून संपवा. आणि शून्य म्हणून घेतलेलं पाणीही खरं शून्य नसतं. गाळून गाळून घेतलेलं पाणीसुद्धा ०.०२ च्या आसपास काहीतरी दाखवतं. तिथे माझ्यासारखा वेळ घालवू नका.

बादलीतलं बोट

आता तात्यांकडे. सरळ रेघ ४० एनटीयूपर्यंत बरी चालते, पुढे ती वाकायला लागते. हे मला माहीत होतं आणि वाकलेल्या रेघेचं गणितही मी घातलं होतं. मी विसरले ते एवढंच, की ती नुसती वाकत नाही, उलटी फिरते.

पुन्हा कौलाचा कवडसा आठवा. थोड्या धुळीत तो झकास दिसतो. चूल पेटून खोली धुराने भरली की कवडसाच हरवतो, कारण उजेड मधे पोचायच्या आधीच धुरात संपतो. पाणी दाट होत गेलं तसा बाजूला उडालेला उजेड आधी वाढला, मग माथ्यावर गेला, आणि लाल मातीचा लोंढा आल्यावर पुन्हा उतरायला लागला. ७० हा आकडा चढावरचा आहे की उतारावरचा, हे एकट्या फोटोडायोडला कळायला मार्गच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले, तात्यांच्या बादलीतलं पाणी पन्नास पटींनी पातळ केलं तेव्हा सेन्सर ३४ वर आला. म्हणजे खरं पाणी १७०० च्या घरात. यंत्राचं ऐकून तुरटी कमी केली असती तर गावाला लाल पाणी गेलं असतं. तात्यांनी बादलीचं ऐकलं.

उपाय शंभर रुपयांचा निघाला: तिरिपीच्या अगदी समोर दुसरा फोटोडायोड. (उजेडाच्या विहिरीच्या तोंडाशी, तिरका.) पाणी दाट होईल तसा समोरचा उजेड घटतच जातो, तो कधी उलटा फिरत नाही. दोघांचं गुणोत्तर घेतलं की चढ-उताराचा गोंधळ मिटतो. तेव्हापासून कुठलाही सेन्सर असो, मी आधी विचारते: राशी दसपट, शतपट झाली तर आकडा कुठे जाईल? खोटा पण शहाणासुरता दिसणारा आकडा हा बंद पडलेल्या सेन्सरपेक्षा धोक्याचा.

याच भेटीत तिसरा फोटोडायोडही ठरला, थेट एलईडीकडे बघणारा. एलईडीचा उजेड तापमानाबरोबर घटतो, दर अंशाला साधारण अर्धा टक्का. पहाटेच्या १५ अंशांपासून दुपारी पत्र्याखालच्या ४५ पर्यंत म्हणजे पंधरा टक्के. एलईडी किती जळतोय हे दर वेळी मोजून त्याने भागलं की हा प्रश्न उरत नाही.

जागेवर

टेबलावरच्या सेन्सरला बुडबुडे, शेवाळ आणि किडे माहीत नसतात. बुडबुडा उजेड झकास उडवतो, म्हणून पाणी खालून वर चढतं ठेवा, नळी थोडी तिरकी, आणि सरासरीऐवजी वाचनं क्रमाने लावून मधलं घ्या. एखादा बुडबुडा सरासरी बिघडवतो, मधल्या आकड्याला धक्का लावत नाही. काच आडवी ठेवू नका, तिच्यावर गाळ बसतो. उभी ठेवा. अॅक्रिलिक स्वस्त पडतं पण पुसून पुसून ओरखडे येतात, आणि ओरखडा म्हणजे कायमचा गढूळपणा. बोरोसिलिकेट काच घ्या.

एकदा ऑक्टोबरात आकडा चार दिवस एकाच जागी थांबला, दशांशसुद्धा हलेना. वायर, मॉडेम, सगळं तपासलं. शेवटी पाणी बाहेर पडायच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं सापडलं, आतलं पाणी साचून निवळलं होतं. आता नळीच्या तोंडाला बारीक जाळी असते, आणि आकडा तासभर जराही हलला नाही तर मोबाइलवर निरोप येतो. जिवंत पाण्याचा आकडा थोडा तरी हलतोच.

एवढं जमलं की पुढचं अवघड नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हा ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन दिवे मिचकवणारा याचाच भाऊ. प्लास्टिकचा एक मिलिमीटरचा फायबर पेन्सिलीला गुंडाळून वाकण्याने किती उजेड गळतो ते मोजा, एका रविवारचं काम. पुलांत ताण मोजायला बसवतात ती फायबर ब्रॅग ग्रेटिंग (एकाच तरंगलांबीचा उजेड परत फिरवणारा फायबरचा तुकडा) मात्र लगेच हातात घेऊ नका: १५५० नॅनोमीटरला एका मायक्रोस्ट्रेनला, म्हणजे लांबीतल्या दहा लाखांश बदलाला, ती तरंगलांबी जेमतेम १.२ पिकोमीटर सरकते, आणि तापमानाच्या एका अंशाला दहाएक पिकोमीटर. ते वाचायचं यंत्र आपल्या सगळ्या खटाटोपापेक्षा महाग, आणि तिथेही ताण मोजताना तापमानाला हाकलत बसावं लागतं.

जागेवर सेन्सर सोपवताना मी एक मऊ ब्रश, सुती फडकं आणि शंभर पानी वही देते. तात्या दर सोमवारी काच पुसतात आणि पुसण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे लिहितात. उन्हाळ्यात फरक आठवड्याला ०.३ असतो, क्लोरीन कमी पडलं की ०.८ वर जातो, त्यावरून पुढच्या गावात किती दिवसांनी पुसायला सांगायचं ते मी ठरवते. आकड्यांच्या शेजारी रकाना नाही, तरी तात्या लिहितात. गेल्या महिन्यातली नोंद: "४.१ / ३.६. काच पुसली. बादलीत बघितलं, बरोबर हाय."